इंटरव्हलला बघितलेली मुलगी

सांगलीत माझं फोटो मोठे करून फ्रेम घालून देण्याचं दुकान आहे. लोक मला कलावंत वगैरे म्हणत नाहीत. घरात कुणी गेलं की ज्यांच्याकडे धावत जायचं असतं, त्या यादीत भटजींच्या नंतर आणि मंडपवाल्याच्या आधी माझा नंबर लागतो. गिऱ्हाईक येतं, पाकिटातून एक पिवळा पडलेला फोटो काढतं. त्यात गेलेला माणूस तरुणपणी बेलबॉटम घालून, एक पाय सायकलच्या पायडलवर ठेवून उभा असतो. आणि त्याच्या मागे टॉकीज असते. माझी नजर आधी तिकडे जाते. देवा शपथ, मयताकडे नंतर.

"मागचं ते सगळं काढा," गिऱ्हाईक म्हणतं. "निळं आभाळ टाका. आणि जमलं तर डोक्यामागं जरा उजेड."

मी काढतो. धंदा आहे. बेलबॉटमवाल्याला कोट घालतो, सायकल पळवतो, ज्यानं जन्मभर शेजाऱ्याचा बांध कोरला त्याच्या डोक्यामागे प्रभामंडळ लावतो. फक्त मूळ फोटोची एक प्रत गुपचूप ठेवून घेतो. अशा रीतीने दहा-बारा वर्षांत सांगलीच्या मेलेल्या टॉकीजा मेलेल्या माणसांच्या पाठीमागून माझ्याकडे जमा झाल्या. टॉकीजचा म्हणून फोटो कुणीच काढला नव्हता. ती आपली बिन-आमंत्रणाच्या पाहुण्यासारखी प्रत्येकाच्या मागे उभी.

रविवारी मी त्या प्रती पिशवीत घालून जागा शोधायला निघतो. सांगलीनं आपल्या टॉकीजांचं काय केलं म्हणाल, तर प्रगती केली. जिथे पडदा होता तिथे आता लिफ्ट आहे, आणि ती बंद आहे. जिथे बाल्कनी होती तिथे कोचिंग क्लास आहे. पूर्वी पोरं तिथे अंधारात तीन तास बसायची, आता ट्यूबलाइटखाली बसतात. बाहेर येताना डोळे मात्र अगदी तसेच चोळत येतात. नव्या कॉम्प्लेक्सला नाव तेवढं जुन्या टॉकीजचंच ठेवलंय. एखाद्याची जमीन लाटावी आणि तिथेच त्याच्या नावानं पाणपोई बांधावी, तितक्या कृतज्ञतेनं.

"जिवंत माणसांत काही रस आहे का तुम्हाला?" बायको विचारते. मी त्यावर कधी थेट उत्तर देत नाही.

तर गेल्या वर्षी गावच्या यात्रेला गेलो. आमचं गाव साताऱ्याच्या पलीकडे, मेढ्याच्या वाटेवर. तिथे माझे थोरले काका आणि काकू राहतात. काका फौजेत तोफखान्यात होते. कान तिकडेच कुठेतरी सीमेवर राहिले, आवाज तेवढा पेन्शनीबरोबर घरी आला. ऐंशीच्या घरात आहेत, पण "मीठ द्या" म्हणाले तरी गल्लीतली कुत्री उठून उभी राहतात.

यात्रेला काकूंची चुलतबहीणही येते. तिला आम्ही सगळे विट्याची मावशी म्हणतो. ती विट्यात राहते ती वर्षातून आठ दिवस. तिच्या यजमानांचं दक्षिणेत कुठेतरी सोनं गाळायचं दुकान आहे, आणि त्यातलं बरंचसं न गाळलेलं सोनं मावशीच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत असतं. ती आली की पाणी प्यायच्या आधी बांगड्या मागे सारते आणि दरवर्षीचा तो एक डायलॉग मारते.

"आरं लेकरांनो," ती काकांच्या नातवंडांना म्हणाली, "ह्यो तुमचा आजा माझा व्हायचा हुता! टॉकीजात मला बघितली, आन वरात गेली हिच्या दारात!"

नातवंडं हसली. काका हसले, कारण त्यांना ऐकू आलं नव्हतं. काकू हसल्या नाहीत. त्यांनी मावशीच्या ताटात पोळी वाढली ती अशी, की ताट पाटावरून सरकलं.

आता ही भानगड सांगायला हवी. काकूंना लग्नाआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. तिसऱ्यांदा घरी पोह्यांचा कार्यक्रम करायचा म्हणजे आळीतल्या बायकांना फुकटचा खेळ. म्हणून मध्यस्थानं तोड काढली. त्या काळी ही तोड बरेच जण काढायचे. मुलगी बहिणींबरोबर साताऱ्याला मॅटिनीला येईल. मुलगा दोन महिन्यांच्या रजेवर आलाय, तो इंटरव्हलला टॉकीजसमोर रस्त्यापलीकडे उभा राहील. बायका लेडीज दारातून सोडा प्यायला बाहेर येतील, तो लांबून बघून घेईल. पसंत पडली तर ठीक. नाही पडली तर कुणी कुणाला बघितलंच नव्हतं. पोहे वाचले, अब्रू वाचली.

खूण ठरली मोरपंखी साडीची. मध्यस्थाची हुशारी इथे संपली. कारण त्या सिनेमातल्या नटीनं मोरपंखी साडी नेसून झोपाळ्यावर गाणं म्हटलं होतं, आणि त्या हंगामात साताऱ्याच्या दुकानांतून दुसरा रंग मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघायचे. काकू मोरपंखी नेसून गेल्या. बरोबर आलेली चुलतबहीणही मोरपंखीच नेसून गेली. मध्यस्थ पुरुष असल्यामुळे त्याला हे दिसलं नाही.

संध्याकाळी त्यानं काकांना एस्टी स्टँडवर गाठलं.

"बघितलीस?"

"बघितली."

"मोरपंखी?"

"मोरपंखी."

"मग?"

"पसंत."

तीन शब्दांवर पन्नासच्या वर वर्षं संसार चालला आहे. पण त्या पन्नास वर्षांत काकूंच्या मनात एकच काटा. हे "पसंत" नक्की कुणाला होतं? दारातून आधी कोण बाहेर आलं, कुणावर ऊन पडलं होतं, कोण कुणाच्या आड आलं? मावशी म्हणते, मी. काकू म्हणतात, मी. आणि काका?

"काकांनाच विचारा की एकदा," मी स्वयंपाकघरात काकूंना म्हणालो. त्यांनी मला खुणेनं आत बोलावलं होतं.

"पन्नास वर्सं इचारतीया. 'तुलाच बघितली' म्हणत्यात. दुसरं काय म्हणतील? भाकरी माझ्या हातची खायची हाय न्हवं." काकूंनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "तू त्या मेलेल्या टॉकीजा हुडकत हिंडतोस म्हणं सांगलीत?"

"हो, म्हणजे जरा नाद..."

"मग आमची हुडक. दार कुठं हुतं, ह्ये कुठं उभं हुतं, समदं फोटूत दाव. मी पुढं हुते, ती माझ्या मागं. ह्यास्नी दिसली असंल तर मीच दिसली असणार. एवढं कळू दे मला. मग ती बांगड्या वाजवत कायबी बोलू दे."

इतक्या वर्षांत माझ्या नादाला कुणी काम दिलं नव्हतं. मी हुरळून गेलो.

साताऱ्यात माझ्याच धंद्यातला एक मित्र आहे. तोही मयतांना कोट घालतो आणि तोही मूळ प्रती लपवून ठेवतो. त्याच्याकडून मला तीन फोटो मिळाले. पहिला आमच्या टॉकीजचा, म्हणजे काकू ज्या टॉकीजचं नाव सांगत होत्या तिचा. समोर चार मित्र खांद्यावर हात टाकून उभे आणि मागे सपाट दर्शनी भिंत. कडेच्या बोळात एक अरुंद दार, त्यावर रंगानं "स्त्रिया" लिहिलेलं. दुसरा फोटो साताऱ्यातल्याच दुसऱ्या एका टॉकीजचा. तो मला नको होता, पण मित्रानं "राहू दे, जोडीनं असू दे" म्हणून दिला. तिसऱ्यात एक काटकुळा माणूस सायकल धरून उभा, कॅरिअरवर पत्र्याचे गोल डबे बांधलेले. त्याचा मुलगा "सायकल काढा आणि गळ्यात हार घाला" म्हणून आला होता.

पुढच्याच रविवारी मी काका-काकूंना गाडीत घालून साताऱ्यात आणलं. काका टोपी, कोट, पॉलिश केलेले बूट अशा जय्यत तयारीत. त्यांना कशासाठी जातोय ते सांगितलं होतं, पण ऐकू किती आलं होतं देव जाणे. काकू वाटभर पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या, निकालाला निघाल्यासारख्या.

टॉकीजच्या जागी पाच मजली कॉम्प्लेक्स आहे. खाली मोबाइलची कव्हरं, वर दातांचा दवाखाना, त्याच्या वर वजन कमी करण्याचं केंद्र. ज्या जागेत लोक पैसे देऊन रडायला यायचे, तिथे अजूनही तेच चालू आहे म्हणायचं. फोटोतलं काहीच शिल्लक नाही. पण साताऱ्याला एक सोय आहे. माणसांनी कितीही पाडापाडी केली तरी मागचा अजिंक्यतारा कुणाला पाडता येत नाही. मी फोटो डोळ्यांसमोर धरून त्यातली किल्ल्याची कड आणि खरी कड जुळवत मागे मागे सरकलो. दोन रिक्षावाल्यांनी आई-बहिणीचा उद्धार केला, एका म्हशीनं वाट दिली, आणि कड जुळली.

"काकू, हे एटीएम आहे ना, तिथे बरोबर लेडीज दार!"

काकू बोळाच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. चेहरा एकदम उजळला. "व्हय. हितंच. ही भिंत हितं हुती. मी आशी आले, सोडावाला हितं बसायचा. ती मागनं आली, तिची चप्पल तुटली हुती. म्हणजे मीच पुढं!" मग त्या वळल्या. "आवं! तुमी तिकडं जाऊन उभं ऱ्हावा. जिथं हुता तिथं!"

काका रस्ता ओलांडून गेले. तिकडून इमारत खालपासून वरपर्यंत बघितली. पुन्हा बघितली. मग ओरडले, "पायऱ्या कुठं गेल्या?"

"कसल्या पायऱ्या?" मी ओरडलो.

"टॉकीजच्या! रुंद पायऱ्या हुत्या सात! बायका समोरच्या दारातनं पायऱ्या उतरून खाली आल्या! बोळबीळ काय नव्हता!"

मी रस्ता ओलांडून त्यांना फोटो दाखवला. पायऱ्या नव्हत्याच. रस्त्याच्या पातळीवर दार, सपाट भिंत. काकांनी फोटो उलटा करून बघितला, जणू पायऱ्या मागच्या बाजूला असाव्यात.

"फोटू चुकीचा हाय," ते म्हणाले.

पंचवीस वर्षांच्या धंद्यात मी फोटो चुकीचे करून देत आलोय, त्यामुळे चुकीचा फोटो मला ओळखता येतो. हा बरोबर होता. मग मला पिशवीतला दुसरा फोटो आठवला. जोडीनं असू दे म्हणून दिलेला.

तो बघताच काकांचा चेहरा फुलला. "ही बघ! ही टॉकीज! ह्या पायऱ्या! मोजून सात! हितं खाली मी उभा हुतो, सायकलच्या दुकानाम्होरं!"

काकू आमच्याजवळ येऊन पोचल्या होत्या. त्यांनी फोटो हातात घेतला आणि लांब धरून बघितला.

"ह्या टॉकीजात आमी जन्मात कवा गेलो न्हाई," त्या म्हणाल्या.

भर दुपारी, भर रस्त्यात, आम्ही तिघं एका फोटोभोवती उभे.

"पण सिनेमा त्योच हुता," काका कळवळून म्हणाले. "मी एस्टीतनं उतरलो. एकाला इचारलं, ह्यो सिनेमा कुठं लागलाय? त्यानं बोट दावलं. गेलो. बोर्डावर त्येच चित्र, झोपाळा, मोरपंखी साडी, समदं!"

तेव्हा मला तिसरा फोटो कळला. सायकल आणि पत्र्याचे डबे. मित्रानं देताना सांगितलं होतं, मी दुर्लक्ष केलं होतं. नवा सिनेमा आला की रिळांचा एकच संच यायचा आणि दोन टॉकीजा तो वाटून घ्यायच्या. इकडे एक रीळ संपलं की तो काटकुळा माणूस डबा कॅरिअरला बांधून तिकडे पळवायचा. एकच सिनेमा, दोन पडदे, अर्ध्या तासाच्या फरकानं. सातारकरांना हे पाठ होतं. ते आधी टॉकीज ठरवायचे. रजेवर आलेल्या फौजीला कुठून माहीत असणार? तो सिनेमाच्या नावानं गेला आणि सात पायऱ्यांपुढे सावधान होऊन उभा राहिला. इंटरव्हल झाला. मोरपंखी साडीतली एक मुलगी पायऱ्या उतरून खाली आली. काकांनी बघितली. पसंत.

मी हे सगळं काकूंना समजावून सांगितलं. त्यांनी ते एकदाच ऐकलं, आणि मला वाटलं होतं त्याच्या अगदी उलटं झालं. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला की मी दचकलो.

"म्हणजे तिलाबी न्हाई बघितली?"

"नाही."

"लाव फोन."

मी लावला. दक्षिणेतल्या त्या लांबच्या शहरात मावशीनं उचलला. काकूंनी माझा मोबाइल तोंडासमोर आडवा धरला. "ऐक गं. ह्ये दुसऱ्याच टॉकीजात गेलतं. तुला बघितलंच न्हाई त्यानी. तू म्हणं आजा तुझा व्हायचा हुता! तुझी चप्पल तुटली तवा ह्ये त्या पार टोकाला उभं!"

पलीकडे बांगड्या थांबल्याचा आवाज आला. आवाज थांबल्याचा आवाज येतो का, मला माहीत नाही, पण आला. मग मावशी म्हणाली, "मग तुला तरी कुठं बघितलं गं? कुणाला बघितलं मग?"

काकूंनी फोन बंद केला. आणि हळूच मान वळवून काकांकडे पाहिलं.

आता मात्र फौजेचा तीस वर्षांचा अनुभव कामाला येईना. काका किल्ल्याकडे बघू लागले.

"कोण हुती?"

"मला काय म्हाईत? हुती कुणीतरी."

"कशी हुती?"

"लय लांबनं बघितली गं..."

"लांबनं बघून पसंत म्हणालाच न्हवं? कशी हुती?"

काकांनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी पिशवीची चेन नीट लागली आहे का ते तपासत होतो.

"उंच हुती," काका म्हणाले. त्यांना वाटलं हळू बोललो. एटीएममधून पैसे काढणारा माणूस बाहेर येऊन बघू लागला.

"आन अंतरपाट खाली आला तवा? तवा कळलं न्हाई तुमास्नी, ही ती न्हवं म्हणून?"

"कळलं की."

"मग बोलला का न्हाई?"

काकांनी टोपी नीट केली. "समदी मंडळी अक्षता घेऊन उभी. तुझा बा उभा. तू वर बघितलंस. तुझ्या डोळ्यात असं लय भ्या हुतं, की आता तिसराबी न्हाई म्हणतोय का काय. म्हटलं..."

"काय म्हटलं?"

"म्हटलं, असू दे."

पन्नास वर्षं जपलेला निकाल असा लागला. उंच मुलगी पसंत, ही असू दे. मी लग्नाच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्यात आणि फ्रेममध्येही पुष्कळ घातल्यात, पण इतकं खरं वाक्य कुठल्या फोटोखाली लिहिलेलं बघितलं नाही. मला वाटलं काकू आता रडतील. मी पाण्याची बाटली शोधू लागलो.

"गाडी काढ," काकू म्हणाल्या. "ती दुसरी टॉकीज दाव."

दुसरी टॉकीज जिथे होती तिथे आता टीव्ही-फ्रीजचं मोठं शोरूम आहे. रस्ता दरवर्षी डांबर घालून वर उचलला गेलाय, त्यात सातपैकी पाच पायऱ्या बुडाल्या. वरच्या दोन तेवढ्या काचेच्या दारासमोर उरल्यात. काकू त्या दोन पायऱ्या चढल्या. पदर नीट केला. त्या दिवशीची त्यांची साडी तपकिरी होती आणि पायात गुडघेदुखीवाल्या जाड तळव्याच्या चपला. उंची त्यांची पहिल्यापासून बेताची.

"तुमी पलीकडं जावा," त्या काकांना म्हणाल्या. "त्या दिवशी जिथं हुता तिथं. आन नीट बघा."

काका गेले. सायकलच्या दुकानाच्या जागी हेल्मेटं विकणारा बसला होता, त्याच्या शेजारी सरळ उभे राहिले. मध्ये एक एस्टी आली, मग उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन गेला, मग कुठल्यातरी वाढदिवसाच्या गाड्या. दर वेळी काका मान उंच करून करून बघत होते आणि काकू पायरीवरून हलत नव्हत्या. शोरूमचा मॅनेजर दार उघडून म्हणाला, "आजी, आत या ना, एसी आहे." काकूंनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

शेवटी रस्ता मोकळा झाला. काकांनी आमच्या काकूंना वरपासून खालपर्यंत बघितलं. सावकाश बघितलं. मग तोफखान्याच्या आवाजात, सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं, ते म्हणाले, "पसंत हाय!"

हेल्मेटवाल्यानं वर पाहिलं. मॅनेजरनं पाहिलं. स्टॉपवर उभ्या कॉलेजच्या पोरींनी माना वळवल्या.

काकूंनी पर्स दुसऱ्या हातात घेतली, एकेक पायरी जपून उतरल्या, आणि गाडीचं दार उघडता उघडता काकांच्या दिशेनं म्हणाल्या,

"इचार करून कळवते."

याला आता आठ महिने झाले. काका मधूनमधून मला फोन करून खाजगीत विचारतात, म्हणजे गावभर ऐकू जाईल असं, की तुझ्यापाशी काही बोलली का. मी नाही म्हणतो. काकूंनी अजून कळवलेलं नाही.